भिंतीवरील काव्य

नाशिकजवळील भगूर गावी २८ मे १८८३ रोजी विनायक दामोदर सावरकर यांचा जन्म झाला. कविता आणि कारावास यांची गाठ या घराण्यात त्यांच्याही आधी पडली होती. देशभक्तिपर कविता छापून प्रसिद्ध केल्याबद्दल त्यांचे वडील बंधू बाबाराव यांना १९०९ साली जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पुढे विनायकरावांनाही दोन जन्मठेपी, म्हणजे पन्नास वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली, आणि १९११ साली ते अंदमानात पोहोचले. त्यांच्या छातीवरील बिल्ल्यावर सुटकेचे साल १९६० होते.

दिवसा कोलू फिरवून तेल गाळावयाचे. कोठडीत कागद नाही, लेखणी नाही. मग खिळ्याने किंवा काट्याने भिंतीवर ओळी कोराव्या, त्या मुखोद्गत कराव्या, आणि भिंतीवर चुन्याचा हात फिरला की पुन्हा नव्या ओळींस आरंभ करावा, असा क्रम सुरू झाला. वृत्ताचे खरे उपकार येथे ध्यानात येतात. गद्यातील एखादा शब्द निसटला, तर कोणास कळतही नाही; पद्यातील शब्द निसटताच चाल अडखळते आणि म्हणणारा थबकतो. वृत्त म्हणजे कवीच्या पायातील बेडी, असे म्हणणाऱ्यांनी याचा अवश्य विचार करावा! तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या तरी अभंग लोकांच्या मुखी तरले, असे सांगतात. अंदमानात तेच पुन्हा घडले, फक्त येथे नदीऐवजी भिंत होती.

परंतु स्मरणात जागा थोडी. तेथे काय साठवावे, हे कवीलाच ठरवावे लागते. 'कमला' या खंडकाव्यात सावरकरांनी कोठडीचे रडगाणे गाइले नाही. पानिपतच्या काळातील एका तरुण दांपत्याची कथा रचली, आणि तीत फुलबाग फुलविली. हा दुःखापासून काढलेला पळ म्हणावा काय? तसे म्हणवत नाही, कारण त्या फुलांवर युद्धाची छाया आहेच. आपल्या वेदनेहून इतरांचे जीवन मोठे मानण्याची शक्ती मात्र तीत दिसते.

हे काव्य बाहेर आले, ते माणसांच्या मुखातून. कैदेतील सोबत्यांनी ओळी पाठ केल्या. त्यांतील जे सुटून स्वदेशी परतले, त्यांनी त्या आपल्याबरोबर आणल्या. 'कमला' छापून प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यावर सावरकरांचे नाव नव्हते. कवीचे नाव होते 'विजनवासी'.