पपायरस आणि त्याची दलदल

श्रोतेहो, ओढ्याकाठचा लव्हाळा आता कधी हाती आला, तर त्याची दांडी दोन बोटांत धरून फिरवून पाहा. गवताची काडी गोल लागते. ही तीन धारांची लागते. लव्हाळा, नागरमोथा यांचे कुळच वेगळे. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा.

याच कुळात पपायरस येतो. पाण्यात पाय रोवून तो दोन पुरुष उंच वाढतो आणि शेंड्यावर हिरव्या तंतूंचा झुबका मिरवतो. त्याच्या दांड्यातला गर चिरायचा, पट्ट्या उभ्या-आडव्या मांडून दाबायच्या, की झाला प्राचीन इजिप्तचा कागद! सुमारे ४५०० वर्षांपूर्वी लिहिलेली अशी पाने सापडली आहेत. आफ्रिकेच्या दलदलीत पपायरस आजही भरपूर आहे. पण खुद्द इजिप्तमधून तो जवळजवळ नाहीसा झाला.

अशा वनस्पतीचे घर मोडले म्हणजे काय होते, हे शेजारच्या इस्रायलमध्ये नीट दिसते. तिथे जॉर्डन नदीच्या वरच्या अंगाला हुला नावाचे तळे आणि पपायरसची दलदल होती. त्याच्या नैसर्गिक वाढीची ही उत्तरेकडची सीमा. १९५१ ते १९५८ या काळात कालवे खणून ती कोरडी केली. हेतू वाईट नव्हता. हिवताप हटावा, शेतीला जमीन मिळावी, एवढेच हवे होते.

पण ही जमीन होती कसली? मेलेली मुळे नि दांडे पाण्याखाली, हवेअभावी, न कुजता थरावर थर साचले होते. पाणी गेले, हवा आत शिरली. थर कुजू लागला, जमीन खचली. वाळलेली माती कुठे पेटली, कुठे वाऱ्यावर उडाली. तिच्यातले नत्र वाहत खाली गालीलच्या सरोवरात, म्हणजे पिण्याच्या पाण्यात, जाऊ लागले!

दलदलीचा एक तुकडा १९६४ साली राखीव झाला. १९९४ साली निकामी झालेल्या काही शेतांवर मुद्दाम पुन्हा पाणी सोडले. १९९६ साली नामशेष ठरवलेला तिथला एक बेडूक २०११ साली राखीव भागात जिवंत सापडला. मात्र जळालेली माती परत आली नाही.

तेव्हा मंडळी, गावच्या पाणथळीत भराव टाकायची गोष्ट निघाली, तर पावसाळ्यात तिथे किती पाणी थांबते नि आसपासच्या विहिरींना त्याचा किती आधार आहे, एवढे ग्रामसभेत आधी विचारा.