नोकरी सोडायची, तर आईबाबांच्या विम्याचं काय?

कामाचे तास वाढलेत, साहेबाशी पटत नाही, दुसरीकडून बोलावणंही आलंय. तरीही माणूस नोकरी सोडत नाही. का? पगार, घराचा हप्ता, मुलांची शाळा ही कारणं तुम्हाला ठाऊक आहेत. आणखी एक कारण असतं, त्याबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही. घरातल्या सगळ्यांचा आरोग्य विमा कंपनीकडून मिळालेला असतो.

हे समजून घ्यायला चेन्नईसारखं शहर नाही. एकीकडे तरमणीपासून सिरुसेरीपर्यंत पसरलेला आयटीचा पट्टा, दुसरीकडे अंबत्तूर, श्रीपेरुंबुदूर आणि ओरगडमचे कारखाने. नोकरीसाठी घर सोडून आलेली मराठी मुलंमुलीही इथे आहेत. विमा दोन्हीकडे आहे, पण त्याची दोरी नोकरीला बांधलेली आहे.

कंपनीची पॉलिसी

आयटी कंपन्या कर्मचाऱ्यांसाठी सामूहिक विमा घेतात. ही सोय खरंच चांगली असते. बऱ्याच ठिकाणी पहिल्या दिवसापासून जुने आजारही त्यात धरले जातात आणि काही कंपन्या आईवडिलांनाही सामावून घेतात. पण पॉलिसी कंपनीची असते. नोकरीचा शेवटचा दिवस संपला की सहसा विमाही संपतो.

समजा, तुमच्या वडिलांना मधुमेह आहे. नोकरी सोडून तुम्ही त्यांच्यासाठी नवी पॉलिसी घ्यायला गेलात, तर आधीपासून असलेल्या आजारासाठी कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. (एप्रिल २०२४ पूर्वी ही मर्यादा चार वर्षांची होती.) म्हणजे राजीनाम्याची किंमत तुमच्या पगारात नाही, वडिलांच्या औषधपाण्यात मोजावी लागते. मग जादा कामाला किंवा रात्रीच्या पाळीला ‘नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही.

२१,००० रुपयांची रेष

कारखान्यातल्या कामगाराचा आधार म्हणजे ईएसआय, अर्थात कर्मचारी राज्य विमा. १९४८ च्या कायद्याने ही योजना आली. चेन्नईत अयनावरम आणि के. के. नगर इथे तिची मोठी रुग्णालयं आहेत. जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. त्यात कुटुंबाचे उपचार होतात आणि आजारपणाच्या रजेत पगाराचा काही भाग मिळतो.

इथली दोरी थोडी सैल आहे. एप्रिल ते सप्टेंबर या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत उपचारांचा हक्क राहतो, मध्येच नोकरी गेली तरीही. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबर मिळतात. मूळ कायद्याच्या कलम ७३ ने तर आजारपणाचा लाभ घेत असलेल्या कामगाराला त्या काळात कामावरून काढायलाच मनाई केली होती. आजारी माणूस मालकाच्या मर्जीवर राहू नये, हा विचार कायदा करणाऱ्यांनी तेव्हाच केला होता.

पण जानेवारी २०१७ पासून या योजनेची पगारमर्यादा महिना २१,००० रुपये आहे. पगार २२,००० झाला की चालू सहामाहीपुरतं संरक्षण राहतं आणि पुढच्या सहामाहीपासून वर्गणी बंद होते. हजार रुपयांची बढती मिळाली म्हणून पेढे वाटायचे की डोक्याला हात लावायचा?

ना इकडे, ना तिकडे

तमिळनाडूत नोकरीशी संबंध नसलेली योजनाही आहे. २००९ मध्ये ‘कलैञर’ नावाने सुरू झालेली ही योजना २०१२ पासून मुख्यमंत्र्यांची सर्वसमावेशक आरोग्य विमा योजना म्हणून चालते. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, मालक कोण हे कोणी विचारत नाही. अट एकच मोठी: वार्षिक उत्पन्न १ लाख २० हजारांच्या आत हवं.

आता हिशेब करा. महिना २२,००० म्हणजे वर्षाला २ लाख ६४ हजार. हा कामगार ईएसआयसाठी ‘श्रीमंत’ आणि राज्याच्या योजनेसाठीही ‘श्रीमंत’. त्याच्याकडे उरतो तो फक्त मालकाने दिला तर दिलेला विमा. ज्याची शिल्लक सर्वांत कमी, तोच नोकरीला सर्वांत घट्ट बांधलेला.

महाराष्ट्राने २०२४ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सर्व रेशनकार्डधारकांना खुली केली आणि मर्यादा ५ लाखांवर नेली. हा कामगार सांगलीत राहिला असता तर त्याला ती लागू झाली असती. पण तिची रुग्णालयं मुख्यतः महाराष्ट्रातच आहेत. चेन्नईत रात्री छातीत दुखू लागलं, तर सांगलीचं कार्ड काय कामाचं?

हे कुलूप कुठलं?

नोकरीला विमा बांधण्याची पद्धत अमेरिकेत सर्वांत पक्की रुजली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, तिथे सरकारने पगारवाढीवर निर्बंध आणले. माणसं टिकवायला कंपन्यांनी पगाराऐवजी विमा द्यायला सुरुवात केली. युद्ध संपलं, पद्धत राहिली. विम्यापायी नोकरीत अडकून राहण्याला तिथल्या अर्थतज्ज्ञांनी नावच दिलं, ‘जॉब लॉक’. सप्टेंबर २०१९ मध्ये जनरल मोटर्सचे कामगार संपावर गेले, तेव्हा कंपनीने त्यांच्या विम्याचे पैसे भरणं थांबवलं. टीका झाल्यावर काही दिवसांत निर्णय मागे घेतला गेला, पण दोरी कोणाच्या हातात असते ते सगळ्यांना दिसलं.

ब्रिटनने १९४८ मध्ये वेगळी वाट धरली. तिथे सरकारी आरोग्यसेवा नागरिकाला मिळते, नोकरदाराला नव्हे. आपल्याकडे दोन्ही वाटा अर्ध्या अर्ध्या आहेत. म्हणून विमा माणसाबरोबर फिरला पाहिजे, मालकाबरोबर नाही, ही मागणी धोरणाची आहे आणि ती करत राहायला हवी.

तोवर घरात काय करता येईल?

• कंपनीचा विमा चालू असतानाच स्वतःच्या नावाची छोटी पॉलिसी घ्या. जुन्या आजारांची तीन वर्षं तेव्हाच मोजायला लागतात. नोकरी सोडाल तेव्हा ती बरीचशी सरलेली असतील. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटीही नाही.

• राजीनामा देण्याआधी एचआरला विचारा: ‘सामूहिक पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का?’ विमा नियामकाच्या नियमांत ही सोय आहे आणि थांबण्याचा काळ जेवढा पुरा झाला असेल तेवढा धरला जातो. कंपनी तब्येत तपासून अटी घालू शकते, म्हणून शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका.

• ईएसआय असेल तर नोकरी सोडण्याची तारीख ठरवताना सहामाहीचा हिशेब करा. ७८ दिवसांना आठवडाच कमी पडत असेल, तर तो भरून निघा.

• पगारवाढीने २१,००० ची रेष ओलांडणार असाल, तर मालकाशी बोलतानाच विम्याचं विचारा. कारखान्यातले दहाजण एकत्र विचारतील तर उत्तर लवकर मिळेल.

आज घरी सगळे जेवायला बसतील तेव्हा विम्याची कागदपत्रं किंवा मोबाइलवरचं कार्ड काढा. घरातल्या प्रत्येकासाठी एकच प्रश्न विचारा: माझी किंवा तुमची नोकरी उद्या गेली, तर यांचा विमा किती दिवस टिकेल? उत्तर ‘एक दिवस’ असेल, तर पहिली पॉलिसी त्यांच्यासाठी घ्या.