दुरुस्ती एका नोंदीची, तपासणी अख्ख्या वहीची

मैत्रिणींनो, गटाच्या वहीत सचिव ताईने एक चुकलेली नोंद दुरुस्त केली, तर ऑडिटच्या वेळी आपण तेवढंच पान बघतो का? नाही. दुरुस्ती करताना दुसरीकडे काही बिघडलं नाही ना, म्हणून सगळी वही तपासतो. लसीच्या जंतूंचंही तसंच आहे.

पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय असो की गावातलं उपकेंद्र, बाळाच्या डाव्या दंडावर बीसीजी टोचतात. ही क्षयरोगाची, म्हणजे टीबीची लस. तिच्यात जिवंत, पण दुबळा केलेला जंतू असतो. फ्रान्समधल्या काल्मेट आणि गेरँ या दोघांनी गुरांच्या क्षयाचा जंतू १९०८ ते १९२१ या काळात २३० वेळा नव्याने वाढवला, जसं आपण कालच्या दह्याचं विरजण आज लावतो तसा. पुढे हे विरजण देशोदेशी गेलं आणि ठिकठिकाणी थोडं थोडं बदललं. मुद्दाम कोणी बदललं नाही. जंतू वाढताना आपल्या जनुकांची नक्कल काढतो, त्यात कधीतरी चूक होते. म्हणून आता मूळ जंतू सुकवून थंडीत जपतात.

जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी याच जंतूतलं एक जनुक काढून तिथे दुसऱ्या जंतूचं जनुक बसवलं. ही लस 'व्हीपीएम १००२'. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ती पुढे नेली, भारतात तिच्या चाचण्या झाल्या.

असा बदललेला जंतू कसा तपासतात?

१. बदल ठरलेल्या जागीच झाला का, ते पाहतात.
२. जंतूची सगळी, म्हणजे सुमारे ४३ लाख अक्षरं वाचून मूळ जंतूशी ताडून बघतात.
३. काढलेलं जनुक परत बसवतात. जंतू पहिल्यासारखा वागला, तर फरक त्याच जनुकामुळे होता हे कळतं.
४. अनेक पिढ्या वाढवून पुन्हा वाचतात.

हे केलं नाही आणि नको तिथे चूक राहिली, तर लस निकामी ठरू शकते, नाहीतर त्रासदायक. शिवाय गुण एका बदलाचा आणि श्रेय दुसऱ्याला, असंही होतं.

आपल्या बाळांना मिळते ती मात्र नेहमीचीच बीसीजी. ती जन्मानंतर लवकर द्या, राहिली असेल तर वर्षाच्या आत. लहान मुलांना होणाऱ्या मेंदूच्या टीबीपासून ती वाचवते. काही आठवड्यांनी तिथे फोड येतो, चिघळतो आणि वण राहतो. घाबरू नका, त्यावर हळद किंवा मलम लावू नका. काखेत गाठ आली, तर आशाताईंना जरूर दाखवा.