पाऊल टाकताना लक्ष कुठे असते?

पक्षाघातातून सावरणाऱ्या माणसाची प्रगती मोजायला साधनांची वाण नाही. हातापायांत हालचाल किती परतली, ते सांगणारी फ्युगल-मायर चाचणी १९७५ पासून वापरात आहे. एकट्या हातालाच तिच्यात ६६ गुण. दहा मीटर चालायला किती सेकंद लागले, खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत बसायला किती वेळ गेला, याच्याही नोंदी ठेवल्या जातात. या सगळ्या मोजमापात रुग्ण बाहेरून दिसतो. दोन रुग्ण तेच अंतर तेवढ्याच वेळात चालतात. पण एक सोबतच्याशी बोलत चालतो आणि दुसरा गुडघा, टाच, कंबर असा एकेक अवयव मनाने हलवत चालतो. कागदावर दोघे सारखेच उतरतात, रहदारीचा रस्ता ओलांडताना मात्र दोघांची गत अगदी वेगळी होते. हा फरक मोजलाच पाहिजे असे माझे म्हणणे आहे, आणि त्या मोजमापाचा पहिला उपयोग फिजिओथेरपिस्टने रुग्णाशी काय बोलावे हे ठरवण्यासाठी व्हावा.

या विचाराची सुरुवात रुग्णालयात नाही, खेळाच्या अभ्यासात झाली. रिच मास्टर्स यांनी १९९२ मध्ये गोल्फच्या प्रयोगातून दाखवले की नियम पाठ करून फटका शिकलेले लोक दडपणाखाली अधिक अडखळतात, कारण अंगवळणी पडलेली क्रिया ते पुन्हा जाणिवेच्या ताब्यात घेतात. या प्रवृत्तीची मोजणी करणारी ‘मूव्हमेंट स्पेसिफिक रीइन्व्हेस्टमेंट स्केल’ ही प्रश्नावली मास्टर्स, ईव्ह्ज आणि मॅक्सवेल यांनी २००५ मध्ये मांडली. तिच्यात दहाच विधाने आहेत. निम्मी विधाने माणूस स्वतःच्या हालचालींवर किती विचारपूर्वक ताबा ठेवतो याबद्दल, तर उरलेली आपण हलताना इतरांना कसे दिसतो या काळजीबद्दल. पुढे २००९ मध्ये ऑरेल आणि सहकाऱ्यांना आढळले की पक्षाघात झालेल्यांचे गुण तो न झालेल्यांपेक्षा जास्त होते. शिवाय जास्त गुण आणि रोजच्या व्यवहारातली जास्त अडचण यांचा संबंधही दिसला. हाँगकाँगमधील वृद्धांच्या पाहणीतही पडलेल्यांचे गुण न पडलेल्यांहून अधिक निघाले.

यावर पहिला आक्षेप चटकन सुचतो, आणि तो वजनदार आहे. मेंदूला इजा झाल्यावर हालचाल आपोआप होत नाही, म्हणून माणूस लक्ष देतो. मग लक्ष हा बिघाडाचा परिणाम झाला, त्याला कारण कसे म्हणायचे? एकाच वेळी घेतलेल्या पाहणीतून याचे उत्तर मिळत नाही, हे मान्यच करायला हवे. उत्तर शोधायचे तर प्रयोगांकडे जावे लागते. बॉइड आणि विनस्टीन यांनी २००४ मध्ये दाखवले की मेंदूच्या आतल्या ‘बेसल गँग्लिया’ या भागात पक्षाघात झालेल्यांना कृतीची रीत आधीच शब्दांत सांगितली, तर नकळत होणारे शिकणे बिघडते. कारणाचा धागा इथे निदान काही रुग्णांपुरता तरी हाती लागतो. पण उलट बाजूचा पुरावाही तितक्याच गांभीर्याने घ्यावा लागेल. नेदरलँड्समध्ये एल्मर काल आणि सहकाऱ्यांच्या २०१५ च्या अभ्यासात, शरीराबाहेर लक्ष वळवणाऱ्या सूचना पक्षाघाताच्या रुग्णांना सरसकट सरस ठरल्या नाहीत. शरीराबद्दल बोलूच नका असा फतवा काढायला म्हणूनच जागा नाही. कोणाला कोणती सूचना मानवते हे आधीच सांगता येत नाही, आणि मोजण्याची गरज नेमकी तिथेच आहे.

दुसरा आक्षेप साधनावर. पक्षाघाताने वाचा गेलेला रुग्ण विधाने कशी समजून घेणार? डाव्या बाजूचे भानच हरपलेला, किंवा आपल्याला काही झालेच नाही असे मानणारा रुग्ण स्वतःबद्दल नेमके काय सांगणार? शिवाय प्रश्नावली स्वभाव विचारते. ओल्या फरशीवर त्या क्षणी मनात काय चालले होते ते तिला कळत नाही. म्हणून तिच्या जोडीला दुहेरी कामाची चाचणी हवी: चालता चालता बोलायला किंवा उलटे आकडे मोजायला लावायचे आणि चाल किती मंदावते ते पाहायचे. स्वीडनमध्ये लुंडिन-ओल्सन यांनी १९९७ मध्ये ५८ वृद्धांना असेच बोलते केले. बोलण्यासाठी १२ जण थांबले आणि त्यांतले १० जण सहा महिन्यांत पडले. हे पक्षाघाताचे रुग्ण म्हणून निवडलेले नव्हते, आणि चाल मंदावण्यामागे अवधानाची एकूण तोकडी शक्तीही असू शकते. म्हणूनच दोन्ही मापे एकत्र वाचायची, आणि एकदाच नाही, तर सुधारणेच्या टप्प्याटप्प्याला.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारेल. ओपीडीत वेळ कुठे असतो? पण बोलायला वेळ भरपूर जातो. जॉन्सन, बरिज आणि डिमेन यांनी २०१३ मध्ये ब्रिटनमधील चालण्याच्या उपचारसत्रांचे निरीक्षण केले, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश सूचना रुग्णाच्या स्वतःच्या शरीराकडे लक्ष वेधणाऱ्या निघाल्या, आणि सूचना सरासरी दर १४ सेकंदांना येत होत्या. औषधाची मात्रा जपून ठरवणारे आपण शब्दांची मात्रा मात्र मोकळी सोडतो. घरी गेल्यावर नातेवाइकांचे ‘पाय ओढू नका, नीट चाला’ सुरू होते ते वेगळेच. दहा विधाने विचारायला काही मिनिटे लागतात. गुण जास्त आले म्हणजे रुग्णाचे चुकले असे नाही; सुरुवातीच्या आठवड्यांत जपून, विचार करून पाऊल टाकणे शहाणपणाचेच असते. पण काही महिन्यांनी पायात पुरेशी ताकद आली, तरी गुण चढेच राहिले आणि बोलताना चाल अडखळतच असेल, तर ‘गुडघा उचला’ ऐवजी जमिनीवर पट्टी आखून ‘या पट्टीपलीकडे पाय टाका’ एवढेच सांगून पाहावे, मध्ये गप्प राहावे आणि पुढच्या भेटीत दोन्ही मापे पुन्हा घ्यावीत. चाल सुधारली नाही, तर त्या रुग्णासाठी पहिल्या सूचनेकडे परत यायलाही हरकत नाही.