काळ्या पडद्याचा हिशेब

डार्क मोड लावला की डोळ्यांना आराम मिळतो आणि बॅटरीही वाचते, असं सर्रास सांगितलं जातं. दोन्हींत तथ्य आहे. अडचण एवढीच की ही दोन्ही सुखं सहसा एका वेळी पदरात पडत नाहीत.

आधी बॅटरीचं पाहू. बहुतेक लॅपटॉपना एलसीडी पडदा असतो. त्याच्या मागे दिवा सतत चालू असतो. काळा रंग दाखवायचा म्हणजे पुढच्या द्रवस्फटिकांनी तो उजेड अडवायचा. खिडकी लावून घेतली म्हणून सूर्य विझत नाही, तसंच हे. वीज जवळजवळ तेवढीच लागते. ओएलईडी पडद्यात मात्र प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, त्यामुळे काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये अशा फोनांवर लोकप्रिय अँड्रॉइड ॲप्स तपासली. ब्राइटनेस १०० टक्के असताना डार्क मोडमुळे सरासरी ३९ ते ४७ टक्के वीज वाचली. तोच ३० ते ५० टक्क्यांवर, म्हणजे घरात असतो तसा ठेवला, तेव्हा बचत उरली ३ ते ९ टक्के.

आता गंमत बघा. पूर्ण ब्राइटनेस लागतो कुठे? भर उन्हात, बसथांब्यावर. आणि काळा पडदा नेमका तिथेच आरसा होतो. अक्षरांऐवजी आपलाच घामेजलेला चेहरा दिसतो. रात्री अंधारात तो सुखाचा वाटतो खरा, पण तेव्हा ब्राइटनेस आपण आधीच उतरवलेला असतो.

डोळ्यांचा मामला आणखी गुंतागुंतीचा. उजळ पडद्यासमोर बाहुली आकसते आणि छिद्र लहान झालं की प्रतिमा रेखीव होते. चष्मा विसरलेला माणूस डोळे बारीक करून बसची पाटी वाचतो, तोच न्याय. काळ्या पडद्यासमोर बाहुली मोठी होते, डोळ्यातल्या भिंगाच्या कडेकडेचा भागही कामाला लागतो आणि अक्षरांची धार बोथट होते. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पांढऱ्यावरची काळी अक्षरं तरुणांना आणि वयस्करांनाही अधिक चांगली वाचता आली. ॲस्टिग्मॅटिझमचा नंबर असलेल्यांना काळ्यावरची पांढरी अक्षरं फुटल्यासारखी दिसू शकतात. देवनागरीत हे मला जास्तच जाणवतं: अनुस्वार फुगतो, ‘द्ध’ आणि ‘द्व’ यांच्यातला फरक बुजतो. निदान पार्श्वभूमी ठार काळी न ठेवता गडद करडी ठेवली, तर अक्षरं इतकी अंगावर येत नाहीत.

मोतीबिंदूचं गणित मात्र उलटं आहे. धूसर भिंगात उजेड विखुरतो. पांढऱ्या पडद्याचा सगळा झगझगाट अक्षरांवर पसरतो आणि ती धुवून निघतात. अशा डोळ्यांना काळा पडदाच बरा पडतो. तेव्हा आजोबांच्या संगणकावरचा काळा पडदा नातवानं परस्पर ‘नीट’ करून देऊ नये.