‘मालाला हात लावू नये’ ही पाटी काढा! पण तिच्या जागी काय लावाल?



आजचा विषय ऐकायला छोटा आहे, पण दुकान चालणार की बसणार हे पुष्कळदा इथेच ठरतं. विकत घेण्याआधी ग्राहकाला माल हातात घेऊ द्यायचा का? द्यायचा तर कुठपर्यंत? आणि त्यात काही तुटलं, कुणाला लागलं तर?

समजा, तुम्ही भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यातल्या नाकाडोंगरीला शेती अवजारं आणि हार्डवेअरचं दुकान टाकताय. तुमचा ग्राहक कोण? धान पिकवणारा शेतकरी, डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथल्या मँगनीज खाणींवर राबणारी कुटुंबं, जंगलाच्या कडेला राहणारी माणसं. एका बाजूला तुमसरची मोठी बाजारपेठ, दुसऱ्या बाजूला मध्य प्रदेशातलं कटंगी. तुमच्याकडे समाधान झालं नाही तर हा ग्राहक तुमच्याशी भांडत बसणार नाही. तो गाडीत बसेल आणि दुसरीकडे जाईल. तुम्हाला कळणारही नाही की तो का गेला.

माझाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी घरच्या शेतीसाठी मी एक फवारणी पंप घेतला. दुकानदाराला म्हटलं, "भाऊ, जरा खोका उघडून दाखवा ना." तो म्हणाला, "कंपनीचं सील आहे, उघडत नाही आम्ही." घरी आणला तर नोझलच्या जोडापाशी तडा. परत गेलो तर बोट पाटीकडे: ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. धानावर तुडतुडे चढलेले असताना माझे तीन दिवस गेले. त्या दुकानाचा नफा झाला असेल दोन-तीनशे रुपये. पण आमच्या घरातलं कुणी त्या दुकानाची पायरी पुन्हा चढलं नाही.

सगळ्यात कडक दुकान कोणतं?

आता उलट्या टोकाला जाऊ. हातात द्यायला सगळ्यात धोक्याची वस्तू कोणती? बंदूक. मग बंदुकीच्या दुकानात काय करतात? ‘हात लावू नका’ म्हणतात का? नाही. तिथेही ग्राहक बंदूक हातात घेऊनच निवडतो. वजन झेपतं का, दस्ता खांद्याला नीट बसतो का, चाप किती जड आहे, हे फोटो पाहून कळत नाही. फक्त तिथे हातात देण्याचा एक ठरलेला क्रम असतो. तो क्रम आपल्याला शिकायचा आहे. बंदुकीचं दुकान टाका असं मी सांगत नाही, त्याचा परवाना वेगळा आणि रस्ता लांबचा आहे.

पहिली पायरी परवान्याची. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक विकताही येत नाही आणि घेताही येत नाही. त्याच कायद्याच्या कलम २९ प्रमाणे, समोरच्या माणसाला शस्त्र बाळगण्याचा कायदेशीर हक्क आहे का याची आधी खातरजमा न करता ते त्याच्या ताब्यात देणं हा गुन्हा आहे. खेळाच्या सरावासारखे अपवाद सोडले तर २१ वर्षं पूर्ण नसलेल्याला बंदूक घेता येत नाही. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी बार भरायच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद या कायद्यात आहे, पण तिथेही आधी परवाना, मग खरेदी. म्हणून चांगला दुकानदार ‘कोणती दाखवू?’ याच्या आधी ‘परवाना दाखवा’ म्हणतो.

दुसरी पायरी, दुकानदार स्वतः बंदूक उघडून ती रिकामी आहे हे बघतो आणि ग्राहकालाही दाखवतो. दुनळी असेल तर ती मोडून, उघडी ठेवूनच हातात देतो. काडतुसं त्या काउंटरवर नसतातच.

तिसरी, एका वेळी एकच नग. दुसरा पाहायचा तर पहिला जागेवर जातो.

चौथी, नियम आधी सांगायचे: नळीचं तोंड माणसाकडे नको, चापावर बोट नको, रिकामा चाप ओढून बघायचा असेल तर आधी विचारा.

पाचवी, सगळं दुकानदाराच्या डोळ्यांसमोर, आणि विक्री झाली की नग क्रमांकासह नोंद.

बघा, यात ग्राहकाचा अपमान कुठेच नाही. त्याला वस्तू मनसोक्त पाहता येते आणि दुकानदार निर्धास्त राहतो.

हेच आपल्या दुकानात कसं आणायचं?

नाकाडोंगरीच्या त्या दुकानात कोयते आहेत, विळे, कुऱ्हाडी, कडबा कापायचं यंत्र, बॅटरीचे पंप, मोटारी आहेत. या वस्तू बंदुकीइतक्या जहाल नाहीत, पण बोट कापायला पुरेशा आहेत.

१. कुणाच्या हातात? धारदार वस्तू लहान मुलाच्या हाती नाही. बापासोबत आलेला पोरगा कितीही हट्ट करो, विळा बापाच्याच हातात. म्हणून धारेचा माल कंबरेच्या वर, काउंटरच्या आतल्या बाजूला टांगा.

२. कोणत्या अवस्थेत? कोयत्याला आवरण, कुऱ्हाडीला पात्यावर कव्हर. देताना मूठ ग्राहकाकडे. यंत्र बंद, वायर काढलेली. पंपात साधं पाणी, औषध नाही.

३. किती? एका वेळी एक नग. चार विळे काउंटरवर पसरले की लक्ष विखुरतं. हात कापला जातो तो तेव्हाच, आणि एखादा नग पिशवीत जातो तोही तेव्हाच.

४. सांगून द्या. "घ्या जी काकाजी, हातात घेऊन पाहा. धार ताजी आहे, बोट नका फिरवू, कागद कापून पाहा." एवढं बोलायला पाच सेकंद लागतात. वर्तमानपत्राचे तुकडे काउंटरवर ठेवाच.

५. नोंद. बिलावर कंपनी, मॉडेल, नग क्रमांक आणि एक ओळ: ‘ग्राहकासमोर चालवून दाखवला’. खाली ग्राहकाची सही.

ही सही कशासाठी?

मित्रांनो, इथे नीट लक्ष द्या. पाहू देणं ही ग्राहकावर केलेली मेहरबानी आहे असं बहुतेक दुकानदारांना वाटतं. खरं तर ते तुमचंच संरक्षण आहे.

मालविक्री अधिनियम, १९३० मध्ये कलम १६ आहे. त्याचा साधा अर्थ असा: त्या मालाचा धंदा करणाऱ्याने वर्णनावरून विकलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असलाच पाहिजे. पण ग्राहकाने माल तपासून घेतला असेल, तर त्या तपासणीत जो दोष दिसायलाच हवा होता, त्यासाठी ही अट लागू होत नाही. म्हणजे कुऱ्हाडीचा दांडा वाकडा आहे हे हातात घेऊन पाहिलेल्या माणसाला महिन्याने म्हणता येत नाही की ‘हे मला ठाऊकच नव्हतं’. आतला, न दिसणारा दोष असेल तर जबाबदारी तुमचीच राहते, ती सहीने टळत नाही.

त्याच कायद्याचं कलम ४१ म्हणतं की आधी न तपासलेला माल मिळाला, तर तपासायची रास्त संधी मिळेपर्यंत ग्राहकाने तो स्वीकारला असं धरलं जात नाही. म्हणजे बंद खोका विकून तुम्ही मोकळे होत नाही. प्रश्न फक्त ग्राहकाच्या घरापर्यंत पुढे ढकलता.

आणि ती लाडकी पाटी, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’? ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मुदत बिलावर लिहिलेली असेल ती, नसेल तर ३० दिवस. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. ग्राहकाने १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन केला तर तुमची पाटी तुम्हाला वाचवणार नाही, उलट तीच पुरावा होईल.

याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे. वस्तू जोडताना किंवा तपासताना विक्रेत्याने वाजवी काळजी घेतली नाही, किंवा कंपनीने दिलेल्या धोक्याच्या सूचना ग्राहकापर्यंत पोचवल्या नाहीत, आणि त्यामुळे इजा झाली, तर विक्रेत्यावरही जबाबदारी येऊ शकते. म्हणून कडबा कापायच्या यंत्रासोबत आलेलं पुस्तक रद्दीत टाकू नका. ते वाचा आणि ग्राहकाला समजावून सांगा.

"पण सर, खोके उघडून माल जुना दिसतो!"

बरोबर आहे. म्हणून डेमो नग ठेवा. हिशेब करू. समजा, एक पंप तुम्हाला २,००० रुपयांना पडतो आणि एका विक्रीत ३०० रुपये सुटतात. एक नग डेमोसाठी उघडला. हंगाम संपल्यावर तोच नग ‘डेमो’ असं बिलावर स्पष्ट लिहून १,४०० ला विकला. खर्च आला ६०० रुपये, म्हणजे दोन पंपांचा नफा. हाताळून पाहता आलं म्हणून हंगामात तीन पंप जास्त खपले, तरी तुम्ही फायद्यात. हा खर्च ‘जाहिरात’ म्हणून वहीत लिहा.

डेमोवर पाहून झालं की ग्राहकाला द्यायचा नग मात्र त्याच्यासमोर उघडून एकदा चालवा. डेमो चांगला होता म्हणून खोक्यातला चांगला असेलच असं नाही. मला हेच भोवलं होतं.

काही माल उघडायचाच नाही: बियाण्याची पिशवी, कीटकनाशकाची बाटली. तिथे ‘पाहू देणं’ म्हणजे वाचू देणं. लॉट नंबर, चाचणीची तारीख, शेवटची तारीख, सील शाबूत आहे का. ग्राहकाला वाचता येत नसेल तर तुम्ही वाचून दाखवा आणि लॉट नंबर बिलावर लिहा. रोवणीच्या तोंडावर बियाणं उगवलंच नाही, तर त्या शेतकऱ्याच्या हातात तेवढा एकच कागद असतो.

आणि ग्राहकाच्या हातून काही पडून फुटलंच तर? आधी त्याला लागलं का ते विचारा. सामान अडवून ठेवणं, चारचौघांत ओरडणं बंद. डेमो नग असेल तर नुकसान दुकानाचं. महागाची नाजूक वस्तू तुम्ही स्वतः धरूनच दाखवा, म्हणजे हा प्रसंगच येणार नाही.

तुमची नवी पाटी

जुनी पाटी उतरवा आणि ही लावा:

*हातात घेऊन पाहा. धारेची वस्तू आम्हाला मागा, आम्ही देतो.*
*एका वेळी एक वस्तू. लहान मुलांच्या हाती देऊ नका.*
*यंत्र चालवून पाहिल्याशिवाय नेऊ नका.*
*बिल घ्या. सदोष माल ३० दिवसांत परत.*

चार ओळी आहेत. दुकानात काम करणाऱ्या पोराला त्या पाठ हव्यात, कारण तुम्ही जेवायला गेल्यावर दुकान तोच चालवणार आहे.

या आठवड्याचं काम: दुकान सुरू केलं असेल तर आपल्या मालाच्या तीन याद्या करा. मोकळेपणाने हातात द्यायचा माल, आपण देऊन दाखवायचा माल, आणि न उघडता फक्त वाचायचा माल. दुकान अजून टाकायचं असेल तर आधी ही यादी करा आणि मग फर्निचरवाल्याला बोलवा. कोणतं कपाट कुठे आणि किती उंचीवर, हे त्या यादीवरूनच ठरेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत, धंदा मनापासून करा आणि हिशेब वहीतून करा!