संगणकातला मुका रोधक

'नॉइज' या इंग्रजी शब्दाला मराठीत काय म्हणावे? आमच्या चंद्रपूरच्या कॉलेजातले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक हा प्रश्न घेऊन माझ्याकडे आले. मराठीचा मास्तर म्हणून मी चटकन 'गोंगाट' म्हणालो. ते हसले. "गोंगाट दटावून थांबवता येतो हो. ही थांबतच नाही!" शेवटी 'खरखर' वर आमचा तह झाला.

ही खरखर येते कोठून? विजेच्या यंत्रातला साधा रोधक घ्या. त्यातले इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सारखे धावपळ करीत असतात व त्यातून अगदी सूक्ष्म विद्युद्दाब उमटतो. बेल प्रयोगशाळेतील जॉन्सन यांचे त्यावरचे मोजमाप आणि नायक्विस्ट यांचे गणित १९२८ साली प्रसिद्ध झाले. १ किलोओहमचा रोधक १० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सुमारे ०.४ मायक्रोव्होल्ट खरखर करतो, म्हणजे एका व्होल्टचा पंचवीस लाखावा भाग!

एवढ्याशा गोष्टीची मातब्बरी काय, असे वाचक म्हणतील. त्यांनी ब्रह्मपुरीच्या जंगलाकडे यावे. संशोधकांनी या भागातल्या काही वाघांच्या गळ्यात रेडिओ-पट्टे बांधले. उपग्रहामार्फत ठिकाण कळवणारे पट्टे निघाले, तरी रानात माग काढणारा हाती अँटेना धरून टिकटिकच ऐकतो. वाघ दूर गेला, की टिकटिक क्षीण होत खरखरीत बुडते. शेजारच्या बांधीत बायका धान कापीत असतात. यंत्राची स्वतःची खरखर जितकी कमी, तितका वाघ दुरून कळायची आशा अधिक.

अशी यंत्रे हल्ली आधी संगणकात जुळवून पाहतात. या विद्येतला मूळपुरुष म्हणजे 'स्पाइस'. बर्कली विद्यापीठात लॉरेन्स नेगल यांनी तो रचला आणि १९७३ साली तो जगापुढे आला. मुंबईच्या आयआयटीचे 'ईसिम' त्याच घराण्यातले. ते फुकट मिळते, म्हणून गडचिरोलीचा विद्यार्थीही ते वापरू शकतो.

गंमत अशी, की संगणकातला रोधक एरवी मुका असतो! क्षणाक्षणाचा आलेख मागितला, की रेषा कशी धुतल्यासारखी स्वच्छ येते. खरखर हवी तर ती मुद्दाम मागावी लागते. त्याच्या वाटा दोन. पहिलीत प्रत्येक भागाची खरखर कंपनसंख्येनुसार मोजून बेरीज करतात. सर्वांत मोठा खोडकर कोण, ते लगेच कळते. दुसरीत फासे टाकावे तसे यदृच्छेने आलेले आकडे मंडलात सोडतात आणि त्यातून टिकटिक तगते का, ते पाहतात. हिला वेळ फार लागतो. पण यंत्र रानात कसे वागेल, याचा अंदाज हीच देते.

म्हणून स्वच्छ आलेख घेऊन आनंदाने धावत आलेल्या विद्यार्थ्याला आमचे मित्र आधी विचारतात, "खरखर घातलीस का रे?" पोरगा हिरमुसतो खरा. पण धुऱ्यावर उभ्या असलेल्या वनरक्षकाला तो आलेख कोठे दिसणार? त्याला त्या खरखरीतूनच वाघ ओळखायचा असतो.